कवितेतला पत्ता

अकराव्या शतकात जपानमध्ये नोइन नावाचा एक बौद्ध भिक्षू होऊन गेला. हाडाचा कवी. त्याला एक कविता सुचली. विषय होता, राजधानी क्योतोपासून पार उत्तरेच्या वेशीवर असलेल्या शिराकावाच्या नाक्यापर्यंतचा प्रवास. तो इतका लांबचा की वाटेत ऋतूच बदलून जातो, अशी काहीशी कल्पना. कविता झक्क जमली होती. अडचण एकच, स्वारी शिराकावाला गेलीच नव्हती! आता घरात बसून लिहिली म्हटल्यावर तिला कोण विचारणार? म्हणून म्हणे हा पठ्ठ्या कित्येक दिवस घरात दडी मारून बसला, कोणाला तोंड दाखवलं नाही, उन्हात बसून चेहरा रापवून घेतला, आणि मग बाहेर येऊन जाहीर केलं की उत्तरेच्या प्रवासात ही कविता सुचली बरं का!

आता ही आख्यायिका आहे. प्रत्यक्षात नोइन उत्तरेला गेला होता असंच अभ्यासक मानतात. पण लोकांनी शेकडो वर्षं मिटक्या मारत सांगितली ती ही लबाडीचीच गोष्ट. कारण तिच्यात जपानी प्रवासाचं एक मोठं गुपित आहे. तिथे ठिकाण आधी कवितेत प्रसिद्ध होतं, मग माणसं ते बघायला जातात. आणि कधीकधी तिथे पोचल्यावर बघायला काहीच शिल्लक नसतं.

या कवितेतल्या ठिकाणांना जपानीत 'उतामाकुरा' म्हणतात. उता म्हणजे गाणं किंवा कविता, माकुरा म्हणजे उशी. थोडक्यात गाण्याची उशी. कवितेने डोकं टेकायची जागा! शब्द छान आहे, पण त्यामागची व्यवस्था त्याहून छान आहे. प्रत्येक ठिकाणाला काही गोष्टी कायमच्या चिकटलेल्या असत. योशिनो म्हटलं की चेरीचा बहर. तात्सुता नदी म्हटलं की पाण्यात वाहणारी लाल मेपलची पानं. यात्सुहाशी म्हटलं की आयरिसची फुलं आणि घराची आठवण. जुनी जपानी कविता ३१ अक्षरांची. एवढ्याशा जागेत वर्णन करायला वेळ कुणाला आहे? नाव घेतलं की ऋतू, रंग, मनःस्थिती, सगळं पॅकेज आपोआप लोड होतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर उतामाकुरा हा एक पॉइंटर आहे. स्वतः लहानसा, पण मेमरीतल्या भल्यामोठ्या डेटाकडे बोट दाखवणारा. आणि ज्याने सी शिकताना रात्री जागवल्या आहेत त्याला पुढचा प्रश्न लगेच सुचेल. ज्या पत्त्याकडे पॉइंटर बोट दाखवतोय तिथला डेटाच उडाला तर?

यातली गंमत अशी की क्योतोच्या दरबारातले बहुतेक कवी या जागा आयुष्यात बघत नसत. घडीच्या पडद्यांवर प्रसिद्ध स्थळांची चित्रं काढलेली असत आणि ती बघून कविता व्हायच्या. प्रत्यक्ष जाणं म्हणजे जवळजवळ शिक्षाच. सानेकाता नावाच्या एका दरबारी कवीची गोष्ट प्रसिद्ध आहे. दरबारात त्याने एकाशी भांडण केलं आणि त्याची टोपीच फेकून दिली. सम्राट शांतपणे म्हणाले म्हणे, "जा, जरा उतामाकुरा बघून ये." म्हणजे बदली! भांडणाची गोष्ट खरी असो वा नसो, इ.स. ९९५ मध्ये सानेकाताची नेमणूक उत्तरेकडच्या मुत्सु प्रांताचा सुभेदार म्हणून झाली हे खरं, आणि तो परत आला नाही, तिकडेच वारला, हेही खरं. ऑनसाईटला पाठवून विसरून जाण्याची प्रथा बरीच जुनी दिसते.

पुढे बाराव्या शतकात साइग्यो हा भिक्षू-कवी या जागा पायी फिरला. मग ११९० मध्ये तो गेला, राज्यं बदलली, लढाया झाल्या, रस्ते बदलले. आणि त्याच्या मृत्यूला ५०० वर्षं होत असताना, १६८९ साली, पंचेचाळिशीतला एक माणूस ही सगळी ठिकाणं शोधायला एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, निघाला.

हा माणूस म्हणजे मात्सुओ बाशो. हायकू म्हटलं की आपल्याकडे शिरीष पै आठवतात, कारण हा प्रकार मराठीत रुजवला त्यांनी. पण हायकूचं घराणं शोधत मागे गेलं की या बाशोपाशी पोचतो. सोबत सोरा नावाचा शिष्य. प्रवास साधारण १५० दिवसांचा आणि २४०० किलोमीटरचा, बहुतेक पायी. त्यातून जे प्रवासवर्णन तयार झालं ते म्हणजे 'ओकु नो होसोमिची', उत्तरेकडच्या आतल्या भागात जाणारी अरुंद वाट. बाशो १६९४ मध्ये गेला आणि पुस्तक छापून आलं १७०२ मध्ये.

सोरा हा माणूस मला फार आवडतो. निघण्याआधी त्याने वाटेतल्या उतामाकुरांची टिपणं काढली होती. प्रवासात तो रोज कोरडी, नेमकी डायरी लिहीत होता. तारीख, हवा, मुक्काम, अंतर. ही डायरी छापून आली १९४३ मध्ये, आणि तेव्हा लोकांना कळलं की बाशोने पुस्तकात दिवस मागेपुढे केलेत, काही प्रसंग रंगवलेत. म्हणजे बाशोचं पुस्तक हे क्लायंटला दाखवायचं प्रेझेंटेशन, आणि सोराची डायरी ही लॉग फाईल. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की खरी मजा येते.

तर बाशोला काय काय सापडलं?

शिराकावाचा नाका बाशोच्या कितीतरी आधी बंद पडला होता. कामकाज नाही, इमारत नाही. जुना नाका नेमका कुठे होता हेही लोक विसरत चालले होते. बाशो आणि सोरा विचारत विचारत शोधत राहिले. शेवटी १८०० साली शिराकावाचा सरदार मात्सुदाइरा सादानोबू याने "जुना नाका इथे होता" असं सांगणारा दगड एका ठिकाणी उभा केला. म्हणजे नोइन न जाताच गेल्याचं सांगत होता, आणि हे दोघं जाऊनही जागा शोधत होते!

पण नाव मेलं नाही. जपानमध्ये शाळकरी मुलांच्या बेसबॉलची कोशिएन स्पर्धा १९१५ पासून चालते. तोहोकु म्हणजे ईशान्य भागातली एकही शाळा उन्हाळी स्पर्धा जिंकत नव्हती. विजेत्याला लाल निशाण मिळतं, त्यामुळे लोकांच्या तोंडी वाक्य असायचं की निशाण कधी एकदा शिराकावाचा नाका ओलांडणार? २००४ मध्ये त्याही पलीकडच्या होक्काइदोची शाळा जिंकली, तर लोक म्हणाले निशाण विमानातून वरच्या वर गेलं, हे धरायचं नाही. शेवटी २०२२ च्या ऑगस्टमध्ये सेंदाइ इकुएइ शाळा जिंकली आणि देशभरच्या बातम्यांत एकच मथळा, नाका ओलांडला! जो नाका शेकडो वर्षांपूर्वी बंद पडला तो.

पुढे सेंदाइमध्ये बाशोला काएमोन नावाचा चित्रकार भेटला. हा गृहस्थ कित्येक वर्षं त्या भागातल्या हरवलेल्या उतामाकुरांचा माग काढत होता. जुन्या कवितेतलं नाव घ्यायचं, गावात जाऊन जमिनीवर त्याची जागा शोधायची. त्याने या दोघांना फिरवलं, वाटेसाठी चित्रं काढून दिली आणि निळ्या बंदांच्या गवती चपलांचे जोड भेट दिले. असा लोकल गाईड सगळ्यांना मिळो.

त्याच वाटेवर तागाजो इथे बाशोला एक दगड दिसला. माणसाच्या उंचीचा, अक्षरं कोरलेला. तागाचा किल्ला ७२४ मध्ये बांधला, ७६२ मध्ये दुरुस्त केला, इथून राजधानी इतकी दूर, उत्तरेकडच्या एमिशी लोकांची हद्द इतकी दूर. चक्क आठव्या शतकातला मैलाचा दगड. त्याला सांगण्यात आलं की हाच कवितेतला प्रसिद्ध 'त्सुबो नो इशिबुमी', त्सुबोचा शिलालेख. बाशो तिथे रडला. त्याने लिहिलंय त्याचा मतितार्थ असा की कवितेतली ठिकाणं बघायला जावं तर डोंगर ढासळलेले, नद्यांनी पात्र बदललेलं, दगड मातीत गाडलेले, जुन्या झाडांच्या जागी नवी झाडं. खात्रीने काही सांगता येत नाही. पण इथे मात्र हजार वर्षांपूर्वीची माणसं समोर उभी आहेत.

आता घोळ बघा. कवितेतला त्सुबोचा दगड म्हणजे सेनापती ताामुरामारोने धनुष्याच्या टोकाने कोरलेला, दूर उत्तरेतला दगड, अशी परंपरा होती. हा सेनापती इ.स. ८०० च्या आसपासचा. मग ७६२ चा दगड त्याचा कसा असेल? बाशो ज्याला बघून रडला तो बहुधा 'तो' दगड नव्हताच. त्यावर कडी म्हणजे १९४९ मध्ये थेट आओमोरीत एक वेगळाच दगड सापडला आणि त्यावर "जपानचा मध्य" अशी अक्षरं होती. मग खरा कोणता, यावर आणखी चर्चा.

म्हणजे बाशोचे अश्रू फुकट गेले? मला तसं वाटत नाही. तागाजोचा दगड बनावट असल्याचा संशय मेइजी काळात घेतला गेला, पण नंतरच्या उत्खननांतून तो अस्सल असल्याचं मान्य झालं आणि २०२४ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. बाशोसमोर तो दगड ९२७ वर्षांचा होता. पॉइंटर चुकीचा होता, पण त्याने नेलं ते एका खऱ्या जागी.

इथपर्यंत सगळं हसतखेळत झालं. पण तागाजोमध्येच एक टेकडी आहे, तिच्यापाशी हसू थांबतं.

टेकडीचं नाव सुए नो मात्सुयामा. दोन उंच पाइन वृक्ष, जवळच देऊळ, आजूबाजूला घरं. इ.स. ९०५ च्या सुमाराच्या 'कोकिनशू' या संग्रहात पूर्वेकडच्या लोकगीतांमध्ये हिचं नाव येतं. संदर्भ प्रेमाच्या आणाभाकांचा. समुद्राची लाट या टेकडीवरून जाणं जितकं अशक्य, तितकंच मी तुला सोडून दुसऱ्याचा विचार करणं अशक्य. आपल्याकडे सूर्य पश्चिमेला उगवेल म्हणतात तसं. पुढच्या कवींनी ही कल्पना इतकी वापरली की सुए नो मात्सुयामा म्हणजे प्रेमातलं वचन, आणि लाट वर आली म्हणजे बेवफाई, हे समीकरणच होऊन गेलं. बाशो गेला तेव्हा झाडांच्या मधे थडगी होती. सगळ्या आणाभाकांचा शेवट हाच, असं वाटून तो खिन्न झाला.

पण मुळात टेकडीच्या वर लाट जाण्याची उपमा कुणाला का सुचावी? रोज समुद्र बघणाऱ्या माणसाला असं चित्र सहज सुचत नाही.

इ.स. ८६९ मध्ये, जोगान कालखंडात, याच किनाऱ्यावर प्रचंड भूकंप आणि त्सुनामी आली. ९०१ मध्ये पूर्ण झालेल्या सरकारी इतिहासात नोंद आहे की पाणी तागाच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत आलं आणि सुमारे १००० माणसं बुडाली. ८६९ आणि ९०५. मधे फक्त ३६ वर्षं. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की त्या गीतात याच लाटेची आठवण आहे. सगळं बुडालं, पण ती टेकडी बुडाली नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट हळूहळू म्हण झाली, म्हणीची प्रेमकविता झाली, आणि क्योतोच्या दरबारात पोचेपर्यंत तिच्यातला समुद्र वाळून गेला. कवितेतली टेकडी नेमकी हीच का, यावर वाद आहे, कारण नावं आणि जागा जुळवण्याचं बरंच काम सतराव्या शतकात सेंदाइच्या संस्थानाने केलं. तेही लक्षात ठेवू.

मग आला ११ मार्च २०११. त्सुनामीने तागाजो शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग पाण्याखाली घेतला. टेकडीच्या पायथ्याशी 'ओकी नो इशी' नावाची आणखी एक उतामाकुरा आहे, छोट्या तळ्यातले खडक. तिथे पाणी शिरलं. सुए नो मात्सुयामावर आसपासचे लोक जमले होते. पाणी टेकडीच्या भोवती आलं. वर आलं नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. अकराशे वर्षं एक वाक्य लोकांच्या तोंडी होतं. शाळेतली मुलं ते पाठ करत होती, कारण 'हयाकुनिन इश्शू' या शंभर कवितांच्या प्रसिद्ध संग्रहातही ही टेकडी आहे. कुणी त्याला अलंकार म्हटलं, कुणी अतिशयोक्ती. आणि ते वाक्य शब्दशः खरं होतं.

जोगानची लाट शास्त्रज्ञ विसरले होते अशातला भाग नाही. सेंदाइच्या मैदानात शेतांखाली तिने आणलेल्या वाळूचे थर सापडले होते. २००९ मध्ये अणुभट्ट्यांच्या भूकंपसुरक्षेचा आढावा घेणाऱ्या सरकारी बैठकीत एका भूगर्भशास्त्रज्ञाने जोगानचा मुद्दा मांडलाही होता. फुकुशिमात त्यावर वेळेत काही झालं नाही. आपल्या क्षेत्रातल्या माणसाला हे फार ओळखीचं वाटतं. वॉर्निंग लॉगमध्ये असते. ती वाचली जाते. "पुढच्या रिलीजला बघू" म्हणून बाजूला ठेवली जाते.

उलट गोष्ट घडली ती देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, किसाकातामध्ये. जपान समुद्राच्या कडेचं हे उथळ खाजण, त्यात पाइन वृक्षांनी भरलेली डझनावारी बेटं. नोइन इथे तीन वर्षं एकांतात राहिला अशी समजूत आहे आणि त्याच्या नावाचं बेटही आहे. बाशोने होडी करून पहिलं तेच बेट गाठलं. त्याने मात्सुशिमा आणि किसाकाता यांची तुलना केली आहे. मात्सुशिमा हसरी, किसाकाता उदास.

मात्सुशिमाचं पुढे उत्तम झालं. हायाशी गाहो या पंडिताने १६४३ मध्येच मात्सुशिमा, आमानोहाशिदाते आणि मियाजिमा यांची देशातली तीन सुंदर स्थळं म्हणून नोंद केली होती, आणि ही 'टॉप थ्री' यादी आजही टूर कंपन्या विकतात. (मात्सुशिमाचं नुसतं नाव पुन्हा पुन्हा घेणारा एक हायकू बाशोच्या नावावर फिरतो. तो त्याचा नाहीच. फॉरवर्ड करण्यापूर्वी तपासावं.)

किसाकाताचं नशीब वेगळं. १८०४ च्या जुलैमध्ये भूकंप झाला आणि खाजणाचा तळ सुमारे दोन मीटर वर उचलला गेला. पाणी निघून गेलं. बेटं जागच्या जागी, पण आता चिखलात उभी. जमीन मोकळी झाल्यावर होंजोच्या संस्थानाने जे कुठलंही सरकार करेल तेच केलं. भातशेती! बेटं फोडायची, सपाट करायची, पीक घ्यायचं. चुकीचं तरी कसं म्हणायचं? भात म्हणजे महसूल आणि भात म्हणजे लोकांचं पोट.

विरोधाला उभा राहिला तिथल्या कानमानजी मठाचा प्रमुख, काकुरिन. त्याचं म्हणणं असं की ही नुसती माती नाही, इथे नोइन, साइग्यो, बाशो येऊन गेलेत. संस्थान ऐकेना, तेव्हा त्याने थेट क्योतोच्या राजघराण्यातल्या कान्इन घराण्याचा आश्रय आपल्या मठाला मिळवला. मग संस्थानाला हात आखडता घ्यावा लागला. पण त्यांनी राग विसरला नाही. काकुरिनला पकडलं आणि १८२२ मध्ये तो कैदेतच मेला.

बेटं वाचली. १९३४ मध्ये त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला.

मी बराच विचार करतो की काकुरिन नेमका कशासाठी मेला. निसर्गासाठी म्हणावं तर निसर्गानेच ते खाजण मोडलं होतं. सुंदर देखावा आधीच गेला होता. तो लढला ते फक्त एवढ्यासाठी की कवितेत दिलेला पत्ता चुकीचा ठरू नये. नोइन आणि बाशो वाचून उद्या कुणी शोधत आला तर त्याला दाखवायला काहीतरी असावं. शिराकावाला असा कुणी नव्हता, म्हणून तिथे एका अंदाजाच्या दगडावर भागवावं लागलं. शब्द टिकतात हे खरं, पण ते आपोआप कुठेही नेऊन पोचवत नाहीत. काएमोनसारखा कुणीतरी गावोगाव फिरावा लागतो, सोरासारखा कुणीतरी डायरी लिहावी लागते, आणि क्वचित काकुरिनसारखा कुणीतरी तुरुंगात जावा लागतो.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. कामाकुराजवळ एक साधं रेल्वे फाटक आहे. 'स्लॅम डंक' या ॲनिमेमध्ये दिसलं म्हणून जगभरातून पोरं तिथे फोटो काढायला येतात. अशा भटकंतीला जपानीत 'पवित्र स्थळांची यात्रा' असाच शब्द आहे. फुजीकावागुचिको गावात एका दुकानाच्या मागे फुजी पर्वत दिसतो, त्या फोटोसाठी इतकी झुंबड उडाली की २०२४ च्या मे महिन्यात गावाने काळा पडदाच लावला, आणि ऑगस्टमध्ये काढला. उशी तीच, फक्त गाणं बदललं. आता या फाटकाबद्दल हजार वर्षांनी कोणी रडेल का? कोण जाणे. सुए नो मात्सुयामाबद्दलही तेव्हा कुणाला माहीत होतं?

असो. जपानचा बेत करत असाल तर तोक्यो-क्योतो-ओसाकाच्या नेहमीच्या वारीतून दोन दिवस काढा आणि अकिता जिल्ह्यातल्या किसाकाताला जा. मे महिन्यात जा. त्या वेळी भातलावणीसाठी शेतांत पाणी सोडलेलं असतं. खाजण जाऊन २०० वर्षं उलटली, पण त्या काही दिवसांत बेटं पुन्हा पाण्यात उभी दिसतात. ज्या भातासाठी ती फोडणार होते, त्याच भाताच्या पाण्यात. नोइनचं बेटही तिथेच आहे, चालत जाता येतं. चेहरा रापवायला घरी बसायची गरज नाही.